वर एक

"परत सहा!" प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या अस्वलानं टोपली उपडी केली.

सफरचंदं गडगडत पडद्याखाली नाहीशी झाली. अस्वलानं पाच मागितली होती, तुळसानं सहा घातली. त्याआधी तीन मागितली होती, तेव्हा तिनं चार घातली होती. बरोबर आलं की हे अस्वल टाळ्या वाजवायचं, चुकलं की टोपली उलटी करून मान हलवायचं. गणपती झाल्यापासून ते तुळसापुढे नुसती मानच हलवत होतं.

"तुळसा, तेनी किती मागल्यान?"

"पाच."

"आणि तू किती दिलंस?"

"पाच," तुळसा म्हणाली. जरा थांबून तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "पाचच दिलंय मा."

प्रेमलताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. मतिमंद मुलांना थांबता येत नाही, हात एकदा सुरू झाला की पुढे जात राहतो, असं त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. तुळसाचं तेच असणार असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शिकलेल्या माणसाला एक नाव सापडलं की तो पुढे बघायचं सोडून देतो. त्यात प्रेमलताबाईंचा वेगळा असा दोष नव्हता.

मिठबावच्या प्राथमिक शाळेत संगणक एकच होता आणि तो हरिश्चंद्र गुरुजींच्या ताब्यात होता. गुरुजी मुख्याध्यापक. त्यांनी त्याच्यावर बायकोनं विणलेलं क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि दसऱ्याला त्याची हळदकुंकू लावून पूजा केली होती. नेट येऊन वर्ष होत आलं, तरी जिल्ह्याचे निरोप वाचण्यापलीकडे त्याचा काही उपयोग असू शकतो हे त्यांना पटलेलं नव्हतं. प्रेमलताबाई फिरत्या विशेष शिक्षिका, त्याही करारावरच्या. मूळच्या कसालच्या परब, लग्न झालेलं नाही, देवगडात भाड्याची खोली. रोज एका गावची एस.टी. धरायची, पिशवीत मणी, खडे आणि रंगीत काड्या, आणि प्रत्येक शाळेत बसायला जागा कुठली, तर मुलं चपला काढतात तो व्हरांडा. ओरोसच्या एका शिबिरात त्यांनी हा खेळ पाहिला आणि त्या वेड्याच झाल्या. मण्यांना आणि खड्यांना जी मुलं कंटाळून झोपायची, ती या अस्वलापुढे डोळे फाडून बसतील असं त्यांना वाटलं. गुरुजींच्या हातापाया पडून त्यांनी संगणक मिळवला. सोमवारी आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर.

खेळ उघडायला वेळ फार लागायचा. आधी अस्वलाचे कान यायचे, मग बऱ्याच वेळानं पोट. तुळसा तोवर हलायची नाही. बारा वर्षांची दांडगी मुलगी, चौथीत दोनदा बसलेली, वर्गात खिडकीबाहेर बघत राहणारी. इथं मात्र पोट आलं की "इलो, इलो!" म्हणून पाय आपटायची.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला गावातलंच हायस्कूल, आणि तिथल्या परशुराम सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"बाई, माझ्याकडे मतिमंद मुलांसाठी शिक्षक नाही. पण तुम्ही एवढं म्हणता तर एक करू. मार्चमध्ये तिला दहापर्यंत मोजून दाखवू दे, घेतो. नाही जमलं तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. आणि ते संगणकावरच दाखवायचं. तुमच्या मण्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही डोळ्यांनी खुणा करता."

तुळसाची आई शेवंती मुणगेकर मासे विकायची. नवरा मालवणला ट्रॉलरवर, सहा-सहा महिने घरी नसायचा. तिनं बाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बाईनू, तेका बुका वाचूक येवक नाय तरी चलात. पण दप्तर घेवन जाताना दिसला, म्हणजे लोक तेका माणसात धरतत. ह्या तेवडा बघा." प्रेमलताबाईंनी तिला शब्द दिला होता. शब्द देण्यात त्यांचा हात सढळ होता. त्यांच्याकडे दुसरं द्यायला होतंच काय!

डिसेंबरात एका गुरुवारी देवगडची गाडी चुकली. पुढची गाडी तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरून मिळेल म्हणून बाई चालत तिठ्यावर आल्या. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि मासेवाल्या बायका रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यात शेवंती होती आणि तिच्या शेजारी, पाय पसरून, तुळसा.

प्रेमलताबाई हाक मारणार होत्या, पण थांबल्या.

"तुळसाबाय, एक वाटो घाल गो बांगड्यांचो," एक म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला. आईला नाही, तुळसाला म्हणाला.

तुळसानं ओल्या फळीवर बांगडे मांडले. तिच्या ओठांची हालचाल होत नव्हती, बोट कुठे अडत नव्हतं. पाच बांगडे एका ओळीत. ते तिनं पिशवीत सोडले. मग पाटीतून आणखी एक उचलला, जरा ऐटीतच, पिशवीत वरून टाकला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारा हसला तशी तीही हसली.

"वर एक घातलंस मा? शाणी ता," म्हणत म्हातारा गेला.

पुढची बाई आली. तिनं दोन वाटे मागितले. दहा बांगडे, आणि वर एक. तिच्यानंतरच्यानं तीनच मागितले, आजारी माणसासाठी. तीन, आणि वर एक. प्रत्येकाच्या तोंडाकडे तुळसा तशीच बघत होती, अस्वलाच्या तोंडाकडे बघायची तशी.

प्रेमलताबाईंना रस्त्यात रडू आलं. त्या तशा रडणाऱ्यातल्या नव्हत्या. पोरीला सगळं येत होतं! गणपतीपासून ती अस्वलाला बिनचूक मोजून देत होती आणि वर चांगुलपणानं एक घालत होती, आणि ते माजलेलं अस्वल दर वेळी टोपली लाथाडत होतं. त्यांना त्या अस्वलाचा संताप आला. तो खेळ बनवणाऱ्याच्या देशात बाजार भरत नाही की काय, असंही त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्याच दिवशी त्या परशुराम सरांकडे गेल्या. देवगडहून मुद्दाम रजा टाकून गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि चहाही मागवला.

"छान आहे. लेख लिहा यावर," ते म्हणाले. "पण परीक्षेत वर एक चालत नाही, बाई. पाच म्हणजे पाच. उद्या गणिताच्या पेपरात प्रत्येक उत्तरात तिनं एक मिळवला, तर मी काय तिला शाणी म्हणू?"

आता मार्ग एकच होता.

"तुळसा, तेका वर घालूचा नाय."

तुळसानं ऐकलं. तिनं पाच सफरचंदं टोपलीत टाकली. मग बाण सहाव्या सफरचंदाकडे नेला.

"नाय. बस."

"वर नको?"

"नको."

"रागावतलो मा तो."

"नाय रागावणा. तेका तेवडीच व्हयी."

तुळसानं अस्वलाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि सहावं घातलं. बाईंनी पडदा बंद केला. संगणक बंद व्हायचा, मग पुन्हा सुरू करायचा, कान यायचे, पोट यायचं. तुळसा पुन्हा एक जास्त घालायची, बाई पुन्हा बंद करायच्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तुळसा मोठ्यानं रडली. हरिश्चंद्र गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

"बाई, मारलंत की काय?"

"मी हातसुद्धा लावला नाही," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

महिनाभर असं चाललं. सोमवारी जे जमायचं ते गुरुवारी पुसलेलं असायचं, कारण मधल्या दिवसांत तुळसा तिठ्यावर बसायची. शेवटी बाई शेवंतीकडे गेल्या. परीक्षा होईपर्यंत तुळसासमोर कुणालाच वर एक घालू नका, असं त्यांनी सांगितलं.

शेवंती खो खो हसली. "आणि गिरायकां? ती माका सोडतीत काय?" पण बाईंचं तोंड पाहून तिचं हसू थांबलं. "ह्येच्यान ता पाचवीत जायत?"

"जायत."

"मगे नाय घालणंय."

आणि तिनं ते केलं. हे सोपं नव्हतं. आईच्या, सासूच्या काळापासून हात वरच्या माशाकडे आपसूक जाणारी बाई ती. गिऱ्हाइकांना ती सांगायची, चेडवाची परीक्षा आसा, होळयेनंतर दितंय. लोकही बरे. कुणी चिडलं नाही. "तुळसाबाय, पास हो हां, तुझ्यापायी आमचो बांगडो गेलो," अशी थट्टा करून जायचे. सगळा तिठा त्या पोरीच्या परीक्षेला बसला होता म्हणा ना.

फेब्रुवारीत एका सोमवारी अस्वलानं सात मागितली. तुळसानं सात घातली आणि हात मांडीवर ठेवला. अस्वल टाळ्या वाजवायला लागलं. तुळसा दचकली. रागावलं नाही ना, हे आधी तिनं नीट निरखून घेतलं, आणि मग तिनंही टाळ्या वाजवल्या. प्रेमलताबाईंनी तिला उचलून घेतलं असतं, पण ती उचलण्यापलीकडची होती. त्यांनी तिला खोबऱ्याची वडी दिली.

मार्चमध्ये परशुराम सर आले. नेट चालू होतं, खेळ उघडला, कान आले, पोट आलं. अस्वलानं चार मागितली, चार मिळाली. नऊ मागितली, नऊ मिळाली. दहा मागितली, दहा मिळाली. सरांनी खिशातून खडू काढून टेबलावर ठेवले आणि पाच दे म्हणाले. तुळसानं पाच दिले आणि उरलेले स्वतःकडे ओढून घेतले.

"शब्द म्हणजे शब्द," परशुराम सर म्हणाले. "जूनमध्ये पाठवा."

शेवंतीनं शाळेच्या पायरीला नारळ फोडला. त्या दिवशी प्रेमलताबाई देवगडच्या गाडीत खिडकीशी बसल्या आणि आपण आयुष्यात एक तरी काम धड केलं असं त्यांना वाटलं. कित्येक वर्षांत तसं वाटलं नव्हतं.

चौथीच्या पुढची मुलं त्यांच्या हद्दीत येत नव्हती. जूनपासून त्यांना दुसऱ्या शाळा मिळाल्या, विजयदुर्गच्या बाजूच्या, आणि मिठबाव सुटलं. तुळसाची बातमी कुठून कळायचं कारण राहिलं नाही. मात्र त्यांच्या अस्वलाची बातमी जिल्ह्याला पोचली होती. गणपतीनंतर ओरोसला शिक्षकांपुढे या प्रयोगावर बोला, असा निरोप आला. मुलीचा एखादा फोटो आणलात तर उत्तम, असंही निरोपात होतं. बाईंनी शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि एका सकाळी त्या मिठबावला उतरल्या.

त्या आधी हायस्कूलात गेल्या. पाचवीच्या वर्गात तुळसा नव्हती.

"पटावर आहे ती," परशुराम सर म्हणाले. "हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका. पण रोज कशाला बसवायची? गणिताच्या तासाला उठून बाहेर जायची आणि विचारायची, अस्वल खंय? मुलं हसायची. मीच आईला म्हटलं, परीक्षेपुरती आणा."

"इथं संगणक आहे ना?"

"दहावीला आहे," सर म्हणाले.

शेवंतीचं घर किनाऱ्याजवळच्या वाडीत. दाराला बाहेरून कडी होती. शेवंती बाजाराला गेली असणार आणि तुळसा तिच्याबरोबर, असं समजून बाई परत फिरणार होत्या, तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं. खिडकीच्या गजांमागे तुळसा उभी होती.

"बाईनू!" ती म्हणाली.

प्रेमलताबाईंनी कडी काढली. दार सताड उघडलं. तुळसा उंबऱ्याशी आली, पण उंबरा ओलांडेना.

"चल, भायर बसूया."

"आये नको म्हणता."

बाई आत गेल्या. तुळसानं त्यांना पाट दिला आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. ती जाड झाली होती. तिला काय विचारावं ते बाईंना कळेना. त्यांनी जेवलंस का विचारलं, ती हो म्हणाली.

उन्हं चढल्यावर शेवंती रिकामी पाटी घेऊन आली. दार उघडं बघून धावतच आली. बाईंना बघितलं आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमी व्हयात? माका वाटला, चेडू भायर गेला काय. बसा, चाय टाकतंय."

"वयनी, दाराक कडी कित्याक?"

शेवंतीनं चूल पेटवली. बाईंकडे पाठ करूनच ती बोलली.

"पयलां बाजारात न्हेय होतंय. परीक्षा झाली, मी परत वर एक घालूक लागलंय. लोकांक सांगलेला मा, होळयेनंतर दितंय म्हणान. एका आयतवारी भिकाजी तांडेल इलो. म्हातारो, माझ्या सासयेच्या वेळचो गिरायक. वाटो घेतल्यान, मी वर एक घातलंय. ह्या चेडवान तेच्या पिशयेत हात घालून तो काडल्यान. मी परत घातलंय, तेनी परत काडल्यान. म्हातारो हसलो, म्हणालो, ऱ्हांवदे गो बाय. तशी ह्या चेडू उठला आणि अख्खी पाटी रस्त्यार उपडी केल्यान. आणि उभ्या ऱ्हवान मान हलवीत ऱ्हवला."

ती मान कुठली होती हे प्रेमलताबाईंना सांगावं लागलं नाही.

"बांगडे धुळीत," शेवंती म्हणाली. "लोक हसले असते तर बरा झाला असता. पण सगळे गप. मगे कोण तरी म्हणालो, जावंदे, येडा आसा ता. बाईनू, शाळेत तेका येडा म्हणत. वाडयेत म्हणत. तिठ्यार कोण म्हणी नाय. तिठ्यार ता शेवंतीचा चेडू. वाटो घालणारा. मी दोन-तीनदा परत न्हेलंय. परत तसाच. आता लोक माझ्याकडे येताना पयलां तेच्याकडे बघतत. मगे घरातच ठेवलंय."

"मी येतलंय परत," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आयतवारी येतलंय. वर एक घालूक तेका परत शिकवतलंय."

शेवंतीनं चहाची कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बाईंना तो सोसला असता.

"काय शिकवतलात? तुमीच सांगलास मा तेका, ता चूक म्हणान. एकदा कळला की कळला तेका. हुशार आसा."

चहा झाला. बाईंच्या पिशवीतला कॅमेरा शेवंतीला दिसला. कशासाठी आणलाय ते तिनं विचारलं आणि बाईंनी खालमानेनं सांगितलं. आता फोटो नको, असंही त्या म्हणाल्या. पण शेवंती उठली. तिनं तुळसाचे केस पाण्यानं चापून बसवले, हायस्कूलचा निळा फ्रॉक खुंटीवरून काढून तिच्या अंगात घातला, आणि तिला खिडकीच्या उजेडात उभी केली.

"काढा. पाचवीत गेला म्हणान सांगा थंय. खोटा नाय मा ता?"

बाईंनी फोटो काढला. तुळसा छान हसली होती.

शेवंतीला पुन्हा किनाऱ्यावर जायचं होतं, दुसरी होडी लागायची वेळ झाली होती. तिनं पाटी डोक्यावर घेतली.

"बाईनू, तुमची गाडी येयसर बसा तेच्यावांगडा. जाताना तेवडी कडी घालशात?"

बाई तुळसाबरोबर बसल्या. गाडीची वेळ झाली तशा उठल्या. तुळसाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. तिनं तो फिरवू दिला. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी कोयंड्यात अडकवली.

"बाईनू," तुळसा आतून म्हणाली, "थंय काठी आसा. ती घाला, नायतर उघाडता."

भिंतीशी एक बारीक काठी ठेवलेली होती. प्रेमलताबाईंनी ती कोयंड्यात घातली, आणि दार पक्कं बसलंय की नाही ते एकदा ढकलून पाहिलं.